बॅबिलॉन बुडालं, हिशेब तरला: कवड्यांवर चालणाऱ्या एका प्रोग्रॅमची गोष्ट

आजचा भाग जरा वेगळा आहे. कॉम्प्युटरचा इतिहास सांगणार आहे, पण त्यात बराच वेळ एकही कॉम्प्युटर येणार नाही.

एक प्रश्न आपल्या सगळ्यांच्या मनात कधी ना कधी येऊन गेलेला असतो, विशेषतः लॉकडाऊन बघितल्यापासून. समजा उद्या सगळं कोसळलं. मोठं युद्ध झालं, वीज गेली ती परत आलीच नाही, कारखाने बंद, जहाजं बंद, इंटरनेट बंद. मग आपल्याला आज जे कॉम्प्युटिंग येतं, त्यातलं काय उरेल? सिनेमावाले याचं उत्तर ठरलेलं देतात: डोंगराच्या पोटात बंकर, बंकरमध्ये हार्ड डिस्क आणि दाढी वाढलेला एक प्रोग्रॅमर.

पण हे आधी खरोखर घडून गेलंय. आकडेमोडीत जगात पुढे असलेला एक समाज संपला. त्याची भाषा मेली, लिपी मेली, शहर मातीखाली गेलं. आणि तरी त्याच्या हिशेबातले आकडे पुढे जवळजवळ अठराशे वर्षं, हजारो किलोमीटर दूर, एका माणसाच्या डोक्यात चालू होते. त्या माणसाला त्या शहराचं नावही माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

तर चला, पाँडिचेरीला.

साल १८२५. जॉन वॉरेन नावाचा एक लष्करी अधिकारी. या गृहस्थानं काही वर्षं मद्रासच्या वेधशाळेचं कामही पाहिलं होतं, म्हणजे खगोलशास्त्र त्याला चांगलं कळत होतं. दक्षिणेतले लोक पंचांग कसं तयार करतात, यावर तो 'कालसंकलित' नावाचा ग्रंथ लिहीत होता. त्यासाठी तो पाँडिचेरीत राहणाऱ्या एका तमिळ पंचांगकर्त्याकडे गेला आणि येणाऱ्या चंद्रग्रहणाचं गणित करून दाखवायला सांगितलं.

पंचांगकर्त्यानं कागद मागितला नाही, पोथी उघडली नाही. तो जमिनीवर बसला आणि कवड्या मांडायला लागला. कवड्या सरकवायच्या, काही शब्द मनातल्या मनात आठवायचे, पुन्हा कवड्या सरकवायच्या. असं करत करत त्यानं ३१ मे ते १ जून १८२५ च्या रात्रीच्या ग्रहणाची वेळ काढून दिली. ग्रहणाची सुरुवात ४ मिनिटांनी चुकली, मध्य २३ मिनिटांनी आणि शेवट ५२ मिनिटांनी.

आता ५२ मिनिटं ऐकून नाक मुरडू नका. दुर्बीण नाही, कागद नाही, घड्याळ नाही. जमिनीवर बसून कवड्या सरकवत हा माणूस पृथ्वीची सावली चंद्रावर कधी पडणार ते सांगतोय. वॉरेननं आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली आणि आजच्या भागाचा सगळा जीव त्या नोंदीत आहे. या माणसाला यामागचा सिद्धांत अजिबात माहीत नव्हता. पण स्मरणशक्ती अशी जबरदस्त, की कुठल्या पायरीनंतर कुठली पायरी, हे सगळं त्याच्या डोक्यात आणि जमिनीवर अगदी नीट मांडलेलं असायचं.

मी दिवसभर कोड लिहून पोट भरतो. मला हे वाचताना त्या माणसात एक चालू प्रोग्रॅम दिसला. कवड्या म्हणजे रॅम, पाठ केलेले शब्द म्हणजे डेटाबेस आणि तो स्वतः प्रोसेसर.

हा प्रोग्रॅम आतून कसा चालायचा, ते थोडक्यात बघू. गणित फार नाहीये, घाबरू नका.

चंद्र आकाशात एकाच वेगानं फिरत नाही. पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा पळतो, लांब असतो तेव्हा रेंगाळतो. दिवसाला साधारण १२ ते १५ अंश, असा त्याचा वेग बदलत राहतो. त्यामुळे 'आज चंद्र कुठे आहे' हे काढायला साधा गुणाकार पुरत नाही. पण वेगाची ही चढ-उतार सुमारे साडेसत्तावीस दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अशी ९ आवर्तनं झाली की जवळजवळ बरोबर २४८ दिवस होतात. मग युक्ती सोपी आहे. एकदाच २४८ दिवसांचं कोष्टक करा: पहिल्या दिवशी चंद्र किती पुढे सरकला, दुसऱ्या दिवशी किती, असं २४८ व्या दिवसापर्यंत. त्यानंतर तेच कोष्टक पुन्हा पहिल्यापासून वापरा.

प्रोग्रॅमिंग शिकलेल्यांच्या तोंडात शब्द आलाच असेल: मॉड्युलो! भागाकार करा आणि बाकी ठेवा. फक्त २४८ चं चक्र अगदी काटेकोर नाही, दर आवर्तनाला दीडेक मिनिटाचा फरक पडतो. म्हणून सोबत मोठी चक्रं ठेवली होती: ३०३१ दिवसांत ११० आवर्तनं आणि १२३७२ दिवसांत ४४९ आवर्तनं. ३०३१ ला ११० नं भागून बघा. येणारं उत्तर आजच्या मोजमापाशी अर्ध्या सेकंदाच्या आत जुळतं.

उदाहरण घेऊ. समजा आरंभदिवसापासून १०,००० दिवस झालेत. १२३७२ त्यात बसत नाही. ३०३१ तीनदा बसतं, उरले ९०७. त्यात २४८ तीनदा बसतं, उरले १६३. म्हणजे कोष्टकातली १६३ वी नोंद बघायची आणि वगळलेल्या प्रत्येक चक्रासाठी एक ठरलेला आकडा मिळवायचा. चंद्र सापडला!

आता २४८ आकडे पाठ कसे ठेवायचे? यासाठी दक्षिणेत 'कटपयादी' पद्धत वापरायचे. प्रत्येक व्यंजनाला एक अंक. क, ट, प, य म्हणजे १. ख, ठ, फ, र म्हणजे २. असं पुढे. स्वरांची किंमत नाही, म्हणजे ते हवे तसे घालून अर्थपूर्ण शब्द बनवता येतात आणि अंक उलटीकडून वाचायचे. 'घर' घ्या: घ चे ४, र चे २, उलटं वाचलं की २४. 'देवर' घ्या: द चे ८, व चे ४, र चे २, उलटं वाचलं की २४८. म्हणजे हिंदी सिनेमातला देवर हा चंद्राचं अख्खं चक्र पोटात घेऊन फिरतोय!

अशा पद्धतीनं दर दिवसासाठी एक छोटं वाक्य, अशी २४८ वाक्यं. म्हणून तमिळ आणि मल्याळी भागात या गणिताला 'वाक्य' पद्धत म्हणतात. आजच्या भाषेत मोजायचं तर चंद्राचं स्थान कलांमध्ये साठवायला दोन बाइट पुरतात. म्हणजे हा सगळा डेटा ४९६ बाइटचा. फॅमिली ग्रुपवर सकाळी येणारा एक 'शुभ सकाळ' फोटो याच्या शेकडो पट मोठा असतो.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पण आता खरी गंमत सुरू होते. २४८ आणि ३०३१, हे आकडे आले कुठून?

याचं उत्तर ज्या माणसानं जोडून दाखवलं, त्याचं नाव ऑटो नॉयगेबाउअर. जन्म ऑस्ट्रियातला, नोकरी जर्मनीत ग्योटिंगेनच्या प्रसिद्ध गणित संस्थेत. नाझी सत्तेवर आले तेव्हा त्यानं निष्ठेच्या शपथेवर सही करायला नकार दिला आणि देश सोडला. आधी कोपनहेगन, मग अमेरिकेतलं ब्राउन विद्यापीठ. म्हणजे कोसळणारा समाज त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. त्याचं आयुष्यभराचं काम होतं बॅबिलॉनच्या मातीच्या विटांवरचं खगोलगणित वाचणं. १९५२ मध्ये त्यानं तमिळ खगोलगणितावर लेख लिहिला. वॉरेनच्या ग्रंथातला तो कवड्यांचा हिशेब त्यानं पाहिला आणि ते आकडे त्याच्या ओळखीचे होते.

बॅबिलॉन म्हणजे आजच्या इराकमध्ये, बगदादच्या दक्षिणेला. इसवी सनाच्या आधीच्या शेवटच्या चार-पाच शतकांत तिथले खगोलवेत्ते ओल्या मातीच्या पाटीवर खिळ्यांसारख्या खुणा करून चंद्राचे तक्ते लिहीत होते. साठाच्या पटीत मोजायचे. तुमच्या फोनवर तासाची ६० मिनिटं आणि मिनिटाचे ६० सेकंद आहेत ना, ती त्यांचीच, मध्ये ग्रीकांच्या हातून आलेली. चंद्राच्या वेगाचं २४८ दिवसांचं चक्र त्यांच्या तक्त्यांमध्ये आहे. पुढे इजिप्तमध्ये सापडलेल्या एका ग्रीक पपायरसवर २४८ आणि ३०३१ दोन्ही आहेत. आणि सहाव्या शतकात आपल्याकडे वराहमिहिरानं 'पंचसिद्धांतिका' लिहिली, त्यातल्या वासिष्ठ सिद्धांतातही तेच दोन आकडे. हे आकडे कुठल्या वाटेनं आले त्याच्या एकेका पायरीवर अभ्यासक वाद घालतात. पण बॅबिलॉन, ग्रीक जग, उज्जैन आणि मग दक्षिण भारत, असा साधारण प्रवास बहुतेकांना मान्य आहे.

आता बॅबिलॉनचं काय झालं ते बघा. ते एका रात्रीत जळालं नाही. राजधानी दुसरीकडे हलली, लोक हलले, रोजच्या व्यवहाराची भाषा बदलून अरामी झाली. जुनी खिळ्यांची लिपी शेवटी देवळाच्या आश्रयानं जगत होती आणि तिथे टिकून राहिलेल्या शेवटच्या कामांमध्ये हे ताऱ्यांचं गणित होतं. तारीख सांगता येईल अशा शेवटच्या ज्ञात पाट्यांपैकी एक इसवी सन ७५ च्या सुमाराची आहे. ती आहे खगोलीय पंचांगाची! म्हणजे त्या समाजानं दिवा मालवताना हातातलं शेवटचं काम कॉम्प्युटेशनचं होतं.

त्यानंतर पूर्ण अंधार. ती लिपी पुन्हा वाचता आली ती १८५० च्या दशकात आणि त्या पाट्यांमधलं चंद्राचं गणित उलगडायला १८८० चं दशक उजाडलं. वॉरेन पाँडिचेरीत कवड्यांकडे बघत होता, तेव्हा जगात एकही माणूस बॅबिलॉनची पाटी वाचू शकत नव्हता. पण तिचा एक तुकडा समोर बसून चालत होता. मूळ सोर्स कोड मातीखाली, तो लिहिण्याची भाषा मेलेली आणि प्रोग्रॅम मात्र प्रॉडक्शनमध्ये!

बरं, तुम्ही म्हणाल, एवढं अवघड कशाला? यंत्रच बनवून ठेवायचं ना. तर तेही कुणीतरी केलं होतं.

१९०० साली ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना एक बुडालेलं जहाज सापडलं. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात बुडालेलं. त्यातून पुतळे निघाले, भांडी निघाली आणि गंजलेल्या काशाचा एक गोळा. १९०२ मध्ये लक्षात आलं की त्यात दातेरी चाकं आहेत. पुढे एक्स-रे आणि २००५ मधल्या सीटी स्कॅनिंगनंतर चित्र स्पष्ट झालं. मोठ्या बुटाच्या खोक्याएवढं यंत्र, त्यातली ३० चाकं आज उरलीत. हँडल फिरवलं की सूर्य, चंद्र आणि ग्रहणांची चक्रं काटे दाखवायचे. एका चाकाला २२३ दाते, कारण २२३ चांद्रमासांनी ग्रहणांचा क्रम पुन्हा येतो. हा हिशेबही बॅबिलॉनचाच. आणि चंद्राचा तो कमी-जास्त होणारा वेग? त्यासाठी दोन चाकं किंचित वेगवेगळ्या केंद्रांवर बसवून, एकाची खुंटी दुसऱ्याच्या खाचेत अडकवली होती. म्हणजे पाँडिचेरीच्या माणसानं जे २४८ वाक्यांत पाठ केलं होतं, तेच इथे काशात घडवलं होतं. एक हार्डवेअर, एक सॉफ्टवेअर.

आणि हार्डवेअर मेलं. अशा यंत्रांचा उल्लेख रोमन लेखक सिसेरो करतो, म्हणजे हे एकमेव नसावं. पण काशाला भंगारात चांगली किंमत असते. समाज अडचणीत आला की जुनं काशाचं यंत्र वितळवून त्याचं दुसरं काहीतरी होतं. आपल्या हाती लागलेलं यंत्र बुडालं म्हणून वाचलं, नाहीतर तेही भट्टीत गेलं असतं. दातेरी चाकांची कला पूर्ण मेली नाही. बायझंटाइन काळातलं एक चाकांचं दिनदर्शक मिळालंय, अल-बिरुनीनंही असं यंत्र वर्णन केलंय. पण युरोपात इतकी गुंतागुंतीची चाकं पुन्हा दिसतात ती थेट चौदाव्या शतकातल्या घड्याळांमध्ये.

का बरं असं झालं? यंत्र बनवायला काय काय लागतं ते मोजा. तांबं आणि कथील, दोन्ही वेगवेगळ्या खाणींतून येणारं. बारीक दाते कापणारा कारागीर. गणित जाणणारा विद्वान. आणि या सगळ्यांचे पैसे देणारा श्रीमंत माणूस. यातला एक जरी निघून गेला तरी काम थांबतं. कवड्यांच्या प्रोग्रॅमला काय लागतं? एक गुरू, एक शिष्य आणि एक गाव, ज्याला एकादशी कधी आहे हे दर पंधरवड्याला कळायला हवं असतं.

मला या तुलनेत सगळ्यात जड वाटते ती शेवटची गोष्ट, त्या गावाची गरज. हा हिशेब कुणी 'जतन' करत नव्हतं. तो वापरात होता. अमावास्या चुकली, ग्रहण चुकलं, तर लोक येऊन विचारणार. दर महिन्याला टेस्ट होत होती आणि त्या कामावर कुणाचं तरी घर चालत होतं. राजे बदलले, मद्रासमध्ये कंपनी आली, पाँडिचेरीत फ्रेंच आले, तरी एकादशी थांबली नाही.

हीच गोष्ट उलट बाजूनं बघायची तर फार मागे जायला नको. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये जर्मन संदेश फोडायला 'कोलॉसस' नावाची इलेक्ट्रॉनिक यंत्रं बांधली. टॉमी फ्लॉवर्स नावाचा टेलिफोन खात्यातला इंजिनिअर, युद्ध संपेपर्यंत दहा यंत्रं चालू. जगातल्या पहिल्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरांमध्ये त्यांची गणना होते. युद्ध संपलं आणि गुप्ततेपायी बहुतेक यंत्रं मोडून टाकली. फ्लॉवर्सना आराखडे नष्ट करायला सांगितलं आणि त्यांनी ते जाळले. कुठला समाज कोसळला नव्हता, उलट हे युद्ध जिंकलेले होते. तरीही पन्नास वर्षांत अवस्था अशी झाली, की १९९३ मध्ये टोनी सेल यांनी एक कोलॉसस पुन्हा बांधायला घेतला तेव्हा हाताशी होते युद्धकाळातले आठ फोटो आणि काही इंजिनिअरांनी नियम मोडून स्वतःजवळ ठेवलेल्या सर्किटच्या चिठ्ठ्या. काम पूर्ण व्हायला २००७ साल उजाडलं. जमलं ते एवढ्यासाठी, की काम सुरू झालं तेव्हा फ्लॉवर्स आणि त्यांचे काही जुने सहकारी हयात होते, विचारलं तर सांगू शकत होते. आणखी वीस वर्षं थांबले असते तर विचारायला कुणी उरलं नसतं.

आतापर्यंतचं ऐकून तुम्हाला वाटेल, चला, मग पाठांतर झिंदाबाद. थांबा. पाँडिचेरीची ती ५२ मिनिटं आठवा.

त्या माणसाला 'काय करायचं' हे शंभर टक्के माहीत होतं. 'का करायचं' हे माहीत नव्हतं. म्हणून चूक दिसली तरी ती दुरुस्त कशी करायची, हे त्याच्या हातात नव्हतं. जुन्या काळी ठरवलेले आकडे थोडे थोडे सरकत जातात, शतकानुशतकं चूक साचत जाते. कोड चालतोय, पण त्यातला बग काढू शकणारा कुणी नाही. आपल्या क्षेत्रात याला लेगसी सिस्टिम म्हणतात आणि तिच्याजवळ जायला सगळे घाबरतात.

याच पद्धतीत 'का' माहीत असलेला माणूस आला की काय होतं, तेही इतिहासात दिसतं. केरळात चौदाव्या शतकात संगमग्रामचा माधव होऊन गेला. त्यानं चंद्राची ही वाक्यं नव्यानं रचली आणि अचूकता विकलांपर्यंत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्याही साठाव्या भागापर्यंत नेली. ज्याला मुळातलं गणित कळत होतं, तोच पाठांतराचं कोष्टक बदलू शकला.

आणि याचं आपल्या घरातलं उदाहरण आहे कोकणातलं. मुरुड-जंजिऱ्याजवळचं नांदगाव. तिथे गणेश दैवज्ञ नावाच्या ज्योतिर्गणितज्ञानं शके १४४२, म्हणजे १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' लिहिलं. ग्रहगणित म्हटलं की ज्या, म्हणजे आपलं साइन कोष्टक लागतंच, असा समज. गणेश दैवज्ञांनी ते पूर्णच काढून टाकलं. त्याऐवजी असे साधे गुणाकार-भागाकार बसवले, की उत्तर जवळपास तेच यावं. दुसरी युक्ती दिवसांच्या मोजणीची. कलियुगाच्या आरंभापासून दिवस मोजायचे तर आकडा सोळा लाखांच्या पुढे जातो. त्यांनी ११ वर्षांचं, ४०१६ दिवसांचं चक्र धरलं. किती चक्रं झाली ते बाजूला, आणि हातात कायम फार तर चार हजारच्या आसपासचा छोटा आकडा. पुन्हा मॉड्युलो! हल्ली आपण कमी ताकदीच्या फोनवर चालावं म्हणून ॲप हलकं करतो, तसं त्यांनी गणित हलकं केलं. नावातच आहे बघा, लाघव.

हे करणं रट्टा मारून शक्य नव्हतं. काय काढलं तर चालेल, हे ज्याला कळतं तोच काढू शकतो. त्यांचे वडील केशव दैवज्ञ स्वतः आकाश निरखून ग्रंथांतल्या आकड्यांशी ताडून पाहणारे होते. ते शिक्षण घरातच होतं. पुढे तीनशेहून जास्त वर्षं महाराष्ट्रातली पंचांगं 'ग्रहलाघव' वरून होत राहिली. पण त्या काळात वापरणारे वाढले आणि आकाशाशी ताडून पाहणारे कमी झाले. एकोणिसाव्या शतकात फरक डोळ्यांवर यायला लागला, तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपातल्या आकड्यांच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत तयार केली. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. दुरुस्ती झाली, पण त्यासाठी 'का' विचारणारा माणूस पुन्हा उभा राहावा लागला.

एक गोष्ट इथे लपवून चालणार नाही. ही विद्या फार थोड्या घरांत होती. बॅबिलॉनमध्ये लेखनिकांची ठराविक घराणी, आपल्याकडे ठराविक जातींतली ठराविक कुटुंबं. त्यामुळे साखळी टिकली, पण दोऱ्यासारखी बारीक. एका साथीत, एका दुष्काळात एखादं घर संपलं की त्या घरातलं गणितही संपायचं. आणि ज्यांना शिकूच दिलं नाही, त्यांच्यात किती माधव आणि किती गणेश दैवज्ञ होते, हे आता कधीच कळणार नाही. टिकवायचं असेल तर जास्त लोकांना शिकवणं हाच सगळ्यात स्वस्त बॅकअप आहे.

आता आपल्या काळात येऊ. आपण काय ठेवतोय?

२ फेब्रुवारी २०२० रोजी गिटहबनं आपल्याकडच्या सार्वजनिक कोडची एक प्रत काढली. २१ टेराबाइट, खास फिल्मच्या १८६ रिळांवर. ती रिळं नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर एका बंद कोळसा खाणीत, कायम गोठलेल्या जमिनीत ठेवली आहेत, हजार वर्षं टिकावीत म्हणून. सोबत पाच भाषांत मार्गदर्शिका आहे आणि त्यातली एक हिंदी आहे. त्यांनी विचारही चांगला केलाय. नुसता कोड उपयोगाचा नाही हे ओळखून, कॉम्प्युटर म्हणजे काय इथपासून समजावणाऱ्या ग्रंथांची योजना केली. तरी ती बॅबिलॉनची पाटी आहे. उत्तम, टिकाऊ, पण खोदून काढणाऱ्या नॉयगेबाउअरची वाट बघत पडलेली.

दुसरीकडे कॅनडातल्या एका प्रोग्रॅमरनं २०१९ मध्ये 'कोलॅप्स ओएस' सुरू केलं. कल्पना अशी, की उद्या नवीन चिप बनणं थांबलं, तर भंगारातून काढलेल्या साध्या चिपवर चालेल अशी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम हवी. त्यानं निवडली झेड-८०, १९७६ ची चिप, साधारण साडेआठ हजार ट्रान्झिस्टरची. एक माणूस नीट बसून अभ्यास करेल तर ती पूर्ण समजू शकतो. तुमच्या खिशातल्या फोनच्या चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर आहेत. त्या छापायला लागणारं आधुनिक ईयूव्ही यंत्र नेदरलँड्समधली एकच कंपनी बनवते आणि त्यात वितळलेल्या कथलाच्या थेंबांवर सेकंदाला पन्नास हजार वेळा लेझर मारून प्रकाश तयार करतात. अँटिकिथेराच्या यंत्राला दोन खाणी आणि एक कारागीर लागत होता. आपल्या फोनला अर्धं जग लागतं. गंमत म्हणजे झेड-८० चं मूळ उत्पादन थांबवत असल्याचं कंपनीनं २०२४ मध्ये जाहीर केलं. भंगारातही तिची संख्या आता वाढणार नाही.

म्हणून मला वाटतं, समाज कोसळला तर आपले फोन वाचणार नाहीत, हे सरळ मान्य करून टाकावं. बॅटरी पाच-सात वर्षांत संपेल आणि विषय संपेल. वाचू शकतं ते त्याच्या आतलं विचार करायचं तंत्र: मोठं काम छोट्या पायऱ्यांत तोडणं, कोष्टक करणं, बाकी काढणं, उत्तर तपासणं, चूक शोधणं. याला वीज लागत नाही. कवड्यांवर, चिंचोक्यांवर, पाटीवर चालतं. पण ते कुणाच्या तरी हातात असलं पाहिजे आणि त्या माणसाला 'का' माहीत पाहिजे.

आणि इथे प्रश्न भविष्यातल्या प्रलयाचा राहत नाही, आजच्या ऑफिसचा होतो. आज आपल्यापैकी कितीतरी जण लायब्ररी उचलतात, कुठून तरी उत्तर चिकटवतात, एआयला विचारून घेतात, चाललं की पुढे जातात. त्यात पाप काही नाही, सगळं मुळापासून करायला बसलं तर काम कधी होणार? पण पाँडिचेरीचा तो माणूस निदान एक गोष्ट करू शकत होता: सगळं बंद पडल्यावरही पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत पूर्ण हिशेब हातानं. त्याच्याकडे 'का' नव्हतं, पण 'कसं' होतं. आपल्याकडे बऱ्याचदा 'का' पण नसतं आणि 'कसं' पण दुसऱ्याच्या सर्व्हरवर असतं.

तेव्हा या आठवड्याचं काम सांगतो. तुम्हाला रोज लागणारं एक छोटं गणित निवडा. कर्जाचा हप्ता कसा निघतो, आधारच्या शेवटच्या अंकाची तपासणी कशी होते, कुठल्याही तारखेचा वार कसा काढायचा, काहीही. ते कागदावर, फोन बाजूला ठेवून करा. प्रत्येक पायरी का आहे ते स्वतःला विचारा. आणि मग ते घरातल्या एका माणसाला शिकवा, शक्यतो कॉम्प्युटरशी ज्याचा काही संबंध नाही अशाला. त्यानं ते तिसऱ्याला शिकवलं, तर समजा आपली साखळी सुरू झाली.

वार काढणाऱ्यांसाठी एक इशारा देऊन ठेवतो: तिथेही शेवटी भागाकार करून बाकीच ठेवायची आहे, सातानं. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या आणि बाकी विसरू नका!